कंठापासून कानापर्यंत : प्रस्तावना

नाणं आणि न्हाणं हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. जिभेचं टोक दोन्ही वेळा एकाच जागी टेकतं, हवा दोन्ही वेळा नाकातून जाते, ओठांना काही काम नसतं. तरीही या दोन शब्दांत मराठी माणसाची कधी गल्लत होत नाही. फरक घडतो तो गळ्यात. न्हाणं म्हणताना स्वरतंतू एकमेकांना पुरते भिडत नाहीत. ते थरथरत असतानाच त्यांच्यामधून जास्तीची हवा निसटते आणि नादात श्वास मिसळतो. संगणकावर दोन्ही शब्दांचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचे आलेख, शेजारी शेजारी लावले, तर न्हाणंमधल्या आ-काराची सुरुवात धूसर दिसते. वरच्या पट्ट्या फिक्या पडलेल्या असतात, त्यांच्यात बारीक खरखर मिसळलेली असते, आणि तळाचं मूळ कंपन दुप्पट वारंवारतेच्या कंपनापेक्षा जोरकस होतं. पापणी लवेपर्यंत आ निवळतो आणि पुढे दोन्ही शब्द सारखेच चालतात.

म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह हे आपले रोजचे उच्चार. पण अनुनासिक आणि अर्धस्वर असे श्वासमिश्रित करून त्यावर शब्दांचे अर्थ वेगळे ठेवणाऱ्या भाषा जगात थोड्या आहेत. म्हणूनच केली बर्कसन या संशोधिकेने कॅन्सस विद्यापीठातला २०१३ सालचा आपला प्रबंध मराठीतल्या या नादप्रकारांवर लिहिला. आपल्याकडे मात्र हा विषय कुठल्या खात्यात टाकायचा, इथूनच अडचण सुरू होते. वर्णांचा अभ्यास भाषाशास्त्राच्या विभागात होतो. आवाजाची निगा गायनाच्या क्लासात घेतली जाते. स्वरतंतू पाहायचे तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. तिघांची पुस्तकं वेगळी, परिभाषा वेगळी, आणि एकमेकांकडे जाणं-येणं फारसं नाही. ही वाटणी इंग्रजीत एक वेळ खपून जाईल. मराठीत ती खपत नाही, कारण मराठीत गळ्याची स्थिती हीच वर्णाची ओळख असते. ध्वनिशास्त्र आणि आवाजशास्त्र एकत्र शिकल्याशिवाय मराठीचा साधा न्हसुद्धा समजत नाही, असं माझं ठाम मत आहे आणि हे पुस्तक त्या मताच्या आधारावर उभं आहे.

आपल्या परंपरेत ही फाळणी मुळात नव्हती. प्रातिशाख्यकारांनी वर्णाची चर्चा करताना जीभ आणि दात यांच्याआधी कंठाचा विचार केला. कंठाचं बिळ उघडं असेल तर श्वास, आवळलेलं असेल तर नाद, आणि ह, घ, भ यांसारख्या घोष महाप्राणांत दोन्हींचा मेळ, ही मांडणी ऋक्प्रातिशाख्यात आहे. ज्यांनी ती केली त्यांच्याजवळ आरसा नव्हता, यंत्र नव्हतं; वेदांचं पाठांतर बिघडू नये या काळजीपोटी स्वतःच्या गळ्याकडे दिलेलं लक्ष तेवढं होतं. एकोणिसाव्या शतकात ही सामग्री युरोपात पोचली, तेव्हा तिथल्या ध्वनिशास्त्रज्ञांना घोष-अघोष भेदाचं नीट स्पष्टीकरण मिळालं. डब्ल्यू. एस. ॲलन यांचं १९५३ सालचं प्राचीन भारतातल्या ध्वनिशास्त्रावरचं छोटं पुस्तक हा सगळा हिशेब नेटका मांडतं. आपल्याकडे सिद्धेश्वर वर्मा यांनी त्याआधीच, १९२९ मध्ये, या विषयाची कसून छाननी केली होती.

युरोपात जिवंत माणसाचे चालते स्वरतंतू नीट पाहिले ते एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, सूर्यप्रकाश त्यावर पाडला आणि गाताना आपल्याच गळ्यात काय घडतं ते न्याहाळलं. पुढच्या काळातल्या शाळा मी इथे भराभर सांगतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात स्वरांचं भौतिकशास्त्र मांडलं. हेन्री स्वीट आणि १८८६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद यांनी कानावर आणि काटेकोर लिप्यंतरावर भर दिला. पॅरिसमध्ये ॲबे रूस्लो यांनी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर श्वासाच्या आणि कंपनांच्या रेघा उमटवल्या. प्रायोगिक ध्वनिशास्त्र तिथून सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ तयार झाला आणि बोललेलं वाक्य कागदावर डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. १९५८ मध्ये व्हान देन बर्ग यांनी दाखवलं की स्वरतंतूंच्या प्रत्येक थरथरीसाठी मेंदू वेगळी आज्ञा देत नाही. स्नायूंचा ताण आणि वाहत्या हवेचा दाब मिळून ते आपोआप उघडझाप करतात. पुरुषाच्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा होते, स्त्रियांच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा. आणि १९६० मध्ये स्वीडनच्या गुन्नार फान्ट यांनी आजवर टिकलेलं सूत्र दिलं: नादाचा उगम एकीकडे, आणि त्या नादाला गाळून आकार देणारी घसा-तोंडाची पोकळी दुसरीकडे.

डहाणू-तलासरीकडच्या वाचकाला हे सूत्र समजावायला तारपा हे वाद्य हाताशी आहे. फुंकलेली हवा आधी दुधी भोपळ्यात साठते, त्याच्या आत बसवलेल्या जिव्हाळ्या थरथरतात, आणि तो नाद बांबूच्या नळ्यांतून ताडपानाच्या कर्ण्यात जाऊन बाहेर पडतो. भोपळा म्हणजे छाती, जिव्हाळी म्हणजे स्वरतंतू, नळी आणि कर्णा म्हणजे घसा आणि तोंड. एक फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. तारप्यात बोटांनी नळीची भोकं झाकली-उघडली की जिव्हाळीचा सूरच बदलतो, नळी आणि जिव्हाळी एकमेकींना बांधलेल्या असतात. माणसाच्या गळ्यात त्या बऱ्याच अंशी मोकळ्या असतात. म्हणून एकाच सुरावर आपण आ, ई, ऊ म्हणू शकतो, आणि एकच आ वेगवेगळ्या सुरांवर गाऊ शकतो. भाषा आणि गाणं एकाच गळ्यात नांदतात ते या मोकळीकीमुळे.

मराठीपुरतं बोलायचं तर दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणापर्यंत विचार मुख्यतः लिहिलेल्या अक्षराभोवती फिरला. त्यात नवल नाही. शाळा आणि छापखाना यांची ती गरज होती. ग्रिअर्सनचं भाषासर्वेक्षण १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झालं, त्याच्या सातव्या खंडात मराठी आहे आणि तिथेच वारली, काथोडी, वाडवळी, सामवेदी या बोलींची दखल आहे. पण नमुने आले ते बहुतेक अधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी लिहून पाठवलेले. उधळ्या मुलाची तीच गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवायची, असा शिरस्ता होता. ज्याने उतरवून घेतली त्याच्या कानाला शाळेतल्या मराठीचं वळण होतं, त्यामुळे बोलीतलं नेमकं काय कागदापर्यंत आलं नाही हे आज सांगता येत नाही. ग्रिअर्सनच्या पुढाकाराने ग्रामोफोनच्या तबकड्याही भरल्या गेल्या, त्यांत मराठीही आहे. त्या आज ऐकायला मिळतात हे आपलं भाग्य. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा जो इतिहास लिहिला त्याने ऐतिहासिक ध्वनिविचाराची भक्कम पायाभरणी केली. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला.

पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि मराठी ध्वनिशास्त्राला घर मिळालं. पॅरिसला शिकून आलेले ना. गो. कालेलकर यांचं ‘ध्वनिविचार’ हे पुस्तक आजही नवशिक्याच्या हाती द्यावं असं आहे. परदेशी शास्त्र मराठीत सांगताना वाक्य अवघडू न देण्याची हातोटी त्यांना होती. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. पुढे त्यांचा विचार साहित्यमीमांसेपर्यंत आणि भाषेच्या अर्थकारणापर्यंत पसरला, पण उच्चारलेला शब्द हा पुरावा आणि लिहिलेला शब्द ही त्याची नोंद, ही शिस्त त्यांनी कधी सोडली नाही.

या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे वाटतात ते अमृत माधव घाटगे (१९१३–२००३). त्यांची विद्या प्राकृताची. अर्धमागधीचं व्याकरण शिकवणारे, डेक्कन कॉलेजच्या प्रचंड संस्कृत कोशाचे प्रधान संपादक (त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला), आणि नंतर भांडारकर संस्थेत प्राकृत कोशाचं काम उभं करणारे. असा पोथ्यांत मुरलेला माणूस साठच्या दशकात बोलींच्या मागे लागला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या त्यांच्या बोलीसर्वेक्षण-मालेत दक्षिण कानड्यातली कोंकणी आहे, कुडाळी आहे, महाडच्या कुणब्यांची बोली आहे, गोव्यातली गावडी आहे, आणि ठाण्याची वारली आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. घाटग्यांच्या काळात डहाणू आणि तलासरी ठाण्यातच होते. मालेतल्या पुस्तकांची बांधणी कोरडी आहे: आधी वर्ण, मग रूपं, मग प्रत्यक्ष बोललेले उतारे, शेवटी शब्दसूची. पण त्या कोरडेपणामागे एक मोठी गोष्ट आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या प्राकृतात ध्वनी कसे बदलले याचा माग काढणारा पंडित, आज बोलणाऱ्या आदिवासी माणसाचा उच्चार तेवढ्याच तोलामोलाचा पुरावा मानतो. तो उच्चार बिघडलेली मराठी म्हणून बाजूला ठेवत नाही. संशोधकाची कारकीर्द कशी असावी असं मला तरुण अभ्यासक विचारतात, तेव्हा मी घाटग्यांची ही दोन टोकं दाखवतो.

वारली कोणत्या कुळातली, यावर एकमत नाही. ग्रिअर्सन आणि घाटगे तिला मराठीच्या घरात बसवतात. जनगणना वारली आणि कोकणा यांना भिली गटाखाली मोजते. गुजरातची आणि दादरा-नगर हवेलीची हद्द लागून असलेल्या या पट्ट्यात असं होणारच. डहाणू तालुक्यातल्या कैनाडच्या बाजारात एका सकाळी वारली, कोकणा, धोडिया यांच्या बोली, किनाऱ्याकडची मांगेली आणि वाडवळी, व्यापाऱ्यांची गुजराती आणि शाळेतली मराठी कानावर पडू शकते. ज्याला ध्वनिशास्त्र शिकायचं आहे त्याने आपला कान इथे तयार करावा.

आता आवाजाच्या बाजूकडे वळू. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत गायनशाळा काढली. कुमार गंधर्व त्यांचे शिष्य, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांनी आवाज-साधनेचं शास्त्र लिहिलं आणि गाणाऱ्याचा गळा का बसतो याकडे चिकित्सेने पाहिलं, हे विसरलं जातं. रियाजाच्या नावाखाली गळे फाडून घेण्याच्या काळात हे धाडस होतं. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी तोच धागा पुढे नेला. गाणं, रंगभूमी, व्यासपीठ, लोकसंगीत या सगळ्यांतला आवाज त्यांनी एका नजरेत घेतला. ‘भाषणरंग’ वाचताना जाणवतं की वक्त्याचा, नटाचा आणि गायकाचा गळा एकच असून त्याच्याकडून घेतलेली कामं वेगळी, हे त्यांना आतून कळलेलं होतं. प्रयोगशाळेत त्याच सुमारास स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्ग यांनी ऑपेरागायकाचा आवाज वाद्यवृंदावरून कसा पोचतो याचं उत्तर शोधलं होतं: सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपास ऊर्जा एकवटते. ते मोजमाप आपल्या लावणीच्या, पोवाड्याच्या, पाड्यावरच्या गाण्याच्या आवाजाला लावून पाहण्याचं काम अजून फार कमी झालं आहे.

तिसरी बाजू उपचाराची. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात माणसं घडवत आहेत. वाचादोष तपासताना ‘योग्य’ उच्चार कोणता हे आधी माहीत असावं लागतं. उत्तर कोकणातल्या अनेक बोलींत ण आणि ळ यांच्या जागी न आणि ल येतात. त्या घरातलं मूल तसं बोललं तर तो दोष नाही, ती त्याची भाषा आहे. बोलीचं ध्वनिशास्त्र तयार नसेल, तर उपचार करणाऱ्याने कितीही मन लावून काम केलं तरी त्याच्या हाती चुकीची मोजपट्टी असते. पहिलीच्या वर्गातही हेच घडतं. घरचा उच्चार घेऊन आलेलं मूल वाचायला चाचरलं की त्याला मंद ठरवलं जातं. खरं तर ते एकाच वेळी अक्षर आणि नवी वर्णव्यवस्था अशा दोन गोष्टी शिकत असतं.

हे सगळं आत्ताच का, याचंही उत्तर द्यायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे जुन्या पोथ्यांकडे लक्ष वळलं, ते योग्यच झालं. पण गेल्या काही वर्षांत आपलं बोलणं फोन ऐकू लागला आहे. बोलून मजकूर लिहिता येतो, बोलून हवामान विचारता येतं. या यंत्रणा ज्या आवाजांवर शिकवल्या जातात ते आवाज बहुतांशी शहरी, शाळा शिकलेले. कैनाडच्या म्हाताऱ्या बाईचं बोलणं त्यांना समजत नाही, आणि ज्या सेवा पुढे केवळ बोलून मिळणार आहेत त्यांच्या दारातून ती परत फिरते. उलट बाजूने, कुणाच्याही आवाजाची नक्कल करणं आता सोपं झालं आहे. म्हणून आवाज कुणाचा, तो कशासाठी भरला, कुठे ठेवला, हे प्रश्न संशोधकाच्या शिस्तीचा भाग बनले आहेत. समाधानाची गोष्ट अशी की डेक्कन कॉलेजमध्ये सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचं नवं सर्वेक्षण झालं आहे, आणि त्यात बोललेला नमुना हाच पाया आहे.

वारली समाजाला जग ओळखतं ते चित्रांमुळे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते बरीच वर्षं बोलतच नव्हते, मातीत रेघोट्या ओढून सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. इंग्रजीत त्यांचं आडनाव ‘माशे’ असं वाचलं जातं, म्हणजे न्हाणंमधला तोच श्वास तिथे गळून पडतो. पण ज्या लग्नचौकाभोवती ही चित्रकला वाढली त्या चौकासमोर धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. चौक संग्रहालयांत पोचला. धवलेरीच्या आवाजाचा अभ्यास मात्र नावापुरताच आहे.

धवलेरीच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कसं होतं ते सांगतो. मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका, म्हणजे फुंकर त्यावर थेट येत नाही. मानेवर स्वरयंत्राच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोग्लोटोग्राफच्या दोन चकत्या. त्यांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह जातो आणि स्वरतंतू भिडले-सुटले की रेघ वर-खाली होते. काचेच्या मण्यांची माळ बाजूला सरकवावी लागते. ती काढायला सांगायची नाही. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की काम थांबतं. कोंबडा आरवला की ओळ पुन्हा घ्यायची नाही; गाणारी पुन्हा गाते ती वेगळी ओळ असते. घरी येऊन रेघ पाहिली, तर एका पट्टीत तासन्‌तास गाणाऱ्या त्या गळ्यात स्वरतंतू प्रत्येक फेरीत किती वेळ मिटलेले राहतात ते मोजता येतं. आम्सटरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेली प्राट ही संगणक-प्रणाली फुकट मिळते. पूर्वी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशिवाय न होणारं विश्लेषण डहाणूच्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या लॅपटॉपवर करू शकते.

त्या मुलीसाठी हे पुस्तक आहे. ते पाठ्यपुस्तक नाही. माझ्या कामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर लिहिलेले लेख इथे एकत्र आले आहेत. काही माणसांबद्दल आहेत, काही यंत्रांबद्दल, काही एखाद्याच उच्चाराचा पिच्छा पुरवणारे. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तेवढं पुरेल. गणित जिथे टाळता आलं तिथे टाळलं आहे, पण मोजमाप कुठेही टाळलेलं नाही, कारण आवाजाबद्दल आपल्याकडे गोड, भारदस्त, पहाडी अशी विशेषणं भरपूर आहेत आणि आकडे थोडे. कोणत्याही एका शाळेची बाजू घेतलेली नाही, असं मात्र म्हणणार नाही. कान आधी, यंत्र नंतर, लिपी शेवटी, हा क्रम मी जाणीवपूर्वक धरला आहे. वारली बोलणाऱ्यांनी स्वतः आपल्या बोलीचं ध्वनिशास्त्र लिहावं, तोवर आमच्यासारख्यांचं लेखन तात्पुरतं समजावं, अशीही माझी भूमिका आहे.

लेखनपद्धतीबद्दल दोन शब्द. चारमधला च आणि चाकमधला च उच्चारात वेगळे असूनही देवनागरीत सारखेच लिहिले जातात. पुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या च, ज, झ यांखाली नुक्ता दिला आहे. श्वासमिश्रित वर्ण जोडाक्षरासारखे दिसले तरी एकच वर्ण समजून वाचावेत. सगळी वारली उदाहरणं प्रत्यक्ष बोलण्यातून घेतली आहेत. बोलणाऱ्यांची नावं त्यांच्याच इच्छेप्रमाणे गाळली आहेत, आणि ध्वनिमुद्रणांची प्रत ज्या त्या घरी दिलेली आहे. एकाच पाड्यावरच्या दोघांचे उच्चार जिथे वेगळे निघाले, तिथे दोन्ही छापले आहेत.